थडग्यांवर फुटलेले खापर

१८५२ साली ब्रिटिश पार्लमेंटने लंडनसाठी दोन कायदे केले. त्या अधिवेशनाच्या यादीत ते एकाखाली एक आहेत: क्रमांक ८४ पाण्याचा, क्रमांक ८५ दफनांचा. दफनांच्या कायद्याने राजधानीतली कुठलीही दफनभूमी एका आदेशासरशी बंद करण्याची सोय केली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत शहरातली चर्चची जुनी आवारे भराभर बंदही झाली. पाण्याच्या कायद्याने खासगी पाणीकंपन्यांना बजावले, की थेम्सचे पाणी टेडिंग्टनच्या बंधाऱ्याच्या वरून, म्हणजे भरती पोचत नाही तिथून उचला आणि घरगुती वापराचे पाणी गाळून द्या. मात्र पाणी उचलण्याची जागा वर नेण्यासाठी त्यांना १८५५च्या ऑगस्टअखेरपर्यंत मुदत दिली. १८५४चा उन्हाळा त्या मुदतीच्या आत आला. त्या साथीत लंडनमध्ये दहा हजारांहून जास्त माणसे पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, मेली.

कारखानदारीच्या शतकात शहरांनी रोगाला कसे तोंड दिले, ही हकीकत सहसा प्रगतीची म्हणून सांगितली जाते. घाण होती, साथी आल्या, सुधारक आले, भुयारी गटारे बांधली गेली, दफनभूमी गावाबाहेर गेल्या, माणसे जगू लागली. यातले एकेक वाक्य खरे आहे; गाळले जाते ते एवढेच, की कशाला किती घाई झाली. मृतांना लगोलग बाहेर काढले, कारण ते स्वस्त पडत होते. त्यांचे कुठल्या कंपनीत समभाग नव्हते आणि त्यांना मतही नव्हते. पाणी आणि धूर हे खरे मारेकरी; त्यांच्या वाट्याला मुदती, सवलती आणि पळवाटा आल्या. आजही एखादी जुनी दफनभूमी आरोग्याच्या नावाने हलवायचा प्रस्ताव येतो, तेव्हा पहिला संशय प्रस्तावावर घ्यावा, दफनभूमीवर नव्हे, असे माझे म्हणणे आहे.

दफनभूमी ओसंडून वाहत होत्या हे कुणी नाकारत नाही. मँचेस्टरची वस्ती १८०१ मध्ये सुमारे ७५ हजार होती, ती १८५१ मध्ये तीन लाखांवर गेली. लंडन तेवढ्याच काळात दहा लाखांच्या जरा अलीकडून साडेतेवीस लाखांच्या घरात पोचले. चर्चची आवारे होती तेवढीच राहिली.

या प्रश्नाला फ्रान्सने आधीच आकड्यांत उत्तर दिले होते. १२ जून १८०४च्या हुकूमनाम्यात दफनाची मापे स्पष्ट लिहिली आहेत. खड्डा दीड ते दोन मीटर खोल आणि ८० सेंटिमीटर रुंद. शेजारच्या खड्ड्यापासून बाजूंना ३० ते ४० सेंटिमीटर आणि डोक्या-पायाशी ३० ते ५० सेंटिमीटर अंतर. एका खड्ड्यात एकच देह. जागा उंचावरची, उत्तरेकडे तोंड असलेली. पाच वर्षांनी तोच खड्डा पुन्हा वापरता येईल, म्हणून वर्षाला लागते त्याच्या पाचपट जमीन राखून ठेवायची. लांबी दोन मीटर धरली तर एका देहाला मोकळ्या अंतरासकट साधारण पावणेतीन चौरस मीटर जागा लागते. वाटा, झाडे, भिंती यांसाठी चौथा हिस्सा सोडला, की एका हेक्टरात सुमारे २,७०० देह मावतात. आता दहा लाखांचे शहर घ्या आणि हजारी २५ मृत्यू. त्या काळच्या कारखानी शहरासाठी हा दर काही फुगवलेला नाही. वर्षाला २५ हजार दफने झाली, म्हणजे सव्वानऊ हेक्टर. पाच वर्षांच्या फेऱ्याने ४६ हेक्टरांत सगळे भागते. पण थडगे कायमचे असेल, तर शंभर वर्षांत सव्वानऊशे हेक्टर लागतील. फेरवापर की कायमचा ताबा, हा निर्णय आधी घ्यावा लागतो. जमिनीची टंचाई किती, हे त्याच्यावर ठरते. इंग्लंडमध्ये खासगी दफन कंपन्यांनी ऐपतदारांना कायमचा ताबा विकला आणि गरिबांसाठी सामायिक खड्डा ठेवला: कधी वीस फूट खोल, पेटीवर पेटी, आणि भरेपर्यंत नीट न बुजवलेला.

खड्डा जितका खोल तितका चांगला, ही समजूत उलटी आहे. देह मातीत मिसळतो तो हवा, ऊब आणि बेताची ओल मिळाली तर. वाळूमिश्रित, निचऱ्याच्या जमिनीत दीड मीटरवर हे तिन्ही मिळतात. चिकणमातीत पाणी साठते, प्राणवायू संपतो, चरबीचा साबणासारखा मेणचट गोळा होतो आणि देह पिढ्यान् पिढ्या तसाच राहतो. पॅरिसच्या इनोसाँ दफनभूमीत नेमके हेच आढळले. शतकानुशतके तिथे थरांवर थर चढले होते. १७८० मध्ये शेजारच्या घराच्या तळघराची भिंत त्या भाराने कोसळली आणि दफनभूमी बंद झाली. १७८६ पासून तिथली हाडे शहराखालच्या जुन्या दगडखाणींत नेली गेली. त्या उकराउकरीत फूर्क्रुआ आणि तूरे या शास्त्रज्ञांनी हा मेणचट पदार्थ तपासून त्याचे पहिले नीट वर्णन केले. लंडनच्या चिकणमातीतले वीस फुटी सामायिक खड्डे म्हणजे हाच पदार्थ बनवण्याची उत्तम सोय होती. तिथे जागा लवकर मोकळी होणे शक्यच नव्हते. मग कबर खोदणारे जुन्या पेट्या फोडून नव्यांसाठी जागा करत, आणि या फोडाफोडीनेच सगळा बोभाटा झाला.

वायूचा धोकाही खरा होता, पण कुणाला? कुजण्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो खोल खड्ड्याच्या तळाशी साचतो. १८३८ मध्ये लंडनच्या ऑल्डगेट भागातल्या चर्चच्या आवारात असाच एक खोल खड्डा होता. त्यात खोदणारा बेशुद्ध पडला, त्याला काढायला दुसरा उतरला आणि दोघेही मेले. बंद विहिरीत किंवा मॅनहोलमध्ये माणसे मरतात ती अशाच साचलेल्या वायूंनी, याच क्रमाने: पहिला अपघाताने, दुसरा मदतीला धावून. हा धोका तळाशी उतरणाऱ्या मजुराचा होता. वरच्या रस्त्याने जाणाऱ्याच्या नशिबी फक्त दुर्गंधी होती. पण तेव्हाच्या वैद्यकाला हा फरक मान्य नव्हता. दूषित हवेतून रोग होतो या सिद्धांतानुसार दुर्गंधी हीच रोगाची पावती. जॉर्ज आल्फ्रेड वॉकर या लंडनच्या शल्यवैद्याने १८३९ पासून दफनभूमींविरुद्ध मोहीम चालवली, ती याच विश्वासावर. आरोग्यसुधारक एडविन चॅडविक यांनी १८४३ मध्ये शहरांतल्या दफनांवर स्वतंत्र सरकारी अहवाल लिहिला, तोही याच पायावर उभा आहे.

चॅडविक यांचा त्याआधीचा, १८४२चा अहवाल जास्त गाजला. मँचेस्टरच्या मजुरांच्या कुटुंबांत मृत्यूचे सरासरी वय १७, तर रटलंड या ग्रामीण परगण्यातल्या मजुरांत ३८, ही तुलना त्यातली. हे आकडे आजही जसेच्या तसे 'आयुर्मान' म्हणून दिले जातात. ते आयुर्मान नव्हे. मेलेल्यांच्या वयांची ती सरासरी आहे. जिथे तरुण जोडपी कामासाठी लोटतात आणि मुले भराभर जन्मतात, तिथे मृतांत लहान मुलांचा वाटा वाढतो आणि सरासरी आपोआप खाली येते. दुरुस्ती करून पाहिले तरी दरी उरतेच, पण ती या आकड्यांइतकी खोल नाही. शिवाय हे आकडे मृत्यूचे कारण सांगत नाहीत. ते शोधायला पाण्याकडे जावे लागले, आणि पाण्याकडे बघायला चॅडविक यांची दृष्टीच तयार नव्हती.

त्याची किंमत १८४८-४९ मध्ये मोजावी लागली. घरांखालचे मैलाखड्डे घाण मारतात, म्हणून ते बंद करा आणि मैला गटारांतून नदीत ढकला, असा धडाका त्यांच्या प्रभावाखालच्या गटार आयोगाने लावला. घरांतली दुर्गंधी कमी झाली. मैला थेम्समध्ये गेला आणि थेम्सचे पाणी कंपन्यांच्या नळांतून पुन्हा घराघरांत आले. त्या साथीत लंडनमध्ये सुमारे १४ हजार माणसे मेली. मैलाखड्डा निदान एका वाड्याची विहीर नासवतो. नदी अख्ख्या शहराची विहीर होती.

पटकी पाण्यातून पसरते, हे डॉक्टर जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये आकड्यांनी दाखवले. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यांतून गेले होते. अनेक ठिकाणी एका घरात एकीचे पाणी, तर शेजारच्या घरात दुसरीचे. लँबेथ कंपनीने कायद्याच्या मुदतीची वाट न पाहता १८५२ मध्येच उचल थेम्स डिटनला, भरतीच्या टापूबाहेर नेली होती. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी बॅटरसीपाशी शहराचा मैला मिसळलेले पाणी उचलत राहिली. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत या कंपनीच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू झाले, तर लँबेथच्या २६,१०७ घरांत ९८. दहा हजार घरांमागे ३१५ आणि ३७. हवा तीच, रस्ते तेच, दफनभूमीही त्याच. नळ बदलायला वेळ लागतो, म्हणून मुदत देणे भागच होते, असा बचाव आजही केला जातो. लँबेथने तो वेळ आधीच काढला होता, हे त्याला पुरेसे उत्तर आहे.

त्याच साथीत लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पंपाच्या पाण्यातून पटकी पसरली, ही गोष्ट अनेकांना ठाऊक असते; ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला, ६१६ मृत्यू, वगैरे. तिचा एक धागा मात्र क्वचितच सांगितला जातो. साथ सुरू होताच लोकांनी पहिला दोष दिला तो १६६५च्या प्लेगमधल्या सामूहिक दफनाच्या खड्ड्याला. नवे गटार खोदताना तो उसकला गेला आणि त्यातून विष वर आले, अशी वदंता होती. गटार आयोगाला ती खोडून काढण्यासाठी आपला अभियंता पाठवून जागेचा नकाशा करून घ्यावा लागला. खरे कारण पंपापासून तीन फुटांच्याही आत होते: ४० क्रमांकाच्या घराचा फुटका मैलाखड्डा. दोनशे वर्षांपूर्वीच्या मृतांवर संशय घ्यायला कुणाला पुरावा लागला नाही. शेजारच्या घरमालकाच्या मोरीवर घ्यायला मात्र खणून विटा मोजाव्या लागल्या.

ही चूक एकट्या लंडनची नव्हती. १८९२ मध्ये हॅम्बुर्गमध्ये पटकीने सुमारे ८,६०० माणसे मेली. शहराने तोवर ओल्सडॉर्फची उद्यानासारखी प्रशस्त दफनभूमी (१८७७) गावाबाहेर थाटली होती, गटारेही आधुनिक होती. पाणी मात्र एल्ब नदीचे, न गाळता येत होते. गाळणीच्या खर्चावर वर्षानुवर्षे घोळ घातला गेला होता. लगतच्या आल्टोनाने त्याच नदीचे पाणी हॅम्बुर्गचा मैला मिसळल्यानंतर, प्रवाहाच्या खालच्या अंगाला उचलले आणि वाळूतून गाळले. साथ दोन्ही शहरांच्या हद्दीवर येऊन थबकली. ही गाळणी म्हणजे काही जादू नव्हे. खडी, त्यावर बारीक वाळूचा जाड थर, आणि वाळूच्या माथ्यावर काही दिवसांत धरणारा जिवाणूंचा चिकट पापुद्रा. खरे काम तो पापुद्रा करतो, म्हणून पाणी फार हळू सोडावे लागते. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी तासाला १०० मिलिमीटर ही कमाल मर्यादा सांगितली. गाळण तुंबली की माथा खरवडतात. नवा पापुद्रा धरेपर्यंत येणारे पाणी फेकून द्यायचे असते, आणि घाईत तेच नळाला जोडले जाते. पुढच्याच हिवाळ्यात आल्टोनात पटकीचा छोटा उद्रेक झाला. कडाक्याच्या थंडीत गाळणीवर बर्फ धरला आणि गाळप बिघडले, एवढे निमित्त पुरले.

आता मृतांना बाहेर नेण्याचा भार कुणी उचलला ते पाहू. १८५४ मध्ये लंडन नेक्रोपोलिस कंपनीने शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर ब्रुकवुडची दफनभूमी उघडली आणि लंडनच्या वॉटर्लू स्थानकाहून तिच्यासाठी खास रेल्वे सोडली. शवपेट्यांनाही तीन वर्ग होते: पहिला एक पौंड, दुसरा पाच शिलिंग, तिसरा अडीच शिलिंग. पेटीचे तिकीट अर्थातच एकेरी. सोबतच्या माणसांचे परतीचे. अडीच शिलिंग म्हणजे मजुराची दिवसाची कमाई हातची जाणार, शिवाय कामाचा दिवस बुडणार, आणि थडग्यावर पुन्हा जायचे म्हटले तर तेवढाच प्रवास. कंपनीला न्याय द्यायचा तर दोन गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. तिने निराधारालाही स्वतंत्र खड्डा दिला, आणि तिची रेताड जमीन दफनाला लंडनच्या चिकणमातीपेक्षा कितीतरी योग्य होती. पण कायद्याने बंद केलेल्या आवारांच्या बदल्यात पर्याय म्हणून उभा राहिला तो बाजार, आणि बाजाराला ऐपत विचारावीच लागते.

धुराच्या बाबतीत तर मृतांवर ठपका ठेवायचीही सोय नव्हती, म्हणून चालढकलच शंभर वर्षे चालली. मिठापासून सोडा बनवण्याच्या लब्लां पद्धतीत हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू बाहेर पडे; कारखान्यांभोवतीची झाडे आणि पिके जळत. १८६३च्या अल्कली कायद्याने यातला ९५ टक्के वायू कारखान्यातच पकडायची सक्ती केली. मनोऱ्यात कोक (भाजलेला दगडी कोळसा) भरून वरून पाणी सोडले, की वायू त्यात विरघळतो. हे यंत्र १८३६ पासून माहीत होते. कायदा यशस्वी झाला, कारण मर्यादा आकड्यात होती आणि ती मोजायला रॉबर्ट अँगस स्मिथ यांच्यासारखा रसायनज्ञ निरीक्षक होता. पण पकडलेले आम्ल विकले गेले नाही तेव्हा ते नद्यांत गेले, आणि या पद्धतीचा गंधकयुक्त गाळ विडनेससारख्या गावांत डोंगरांसारखा साचला. दगडी कोळशाच्या धुराला असा आकडी नियम लागलाच नाही. १८७५च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने कारखान्याच्या धुराड्यातला 'काळा' धूर गुन्हा ठरवला. मग वकील धूर काळा नसून गडद करडा होता, असा युक्तिवाद करत. घरच्या चुलींना तर हातच लावला नाही. डिसेंबर १९५२च्या पाच दिवसांच्या धुरक्याने लंडनमध्ये श्वास कोंडून माणसे मेली; सुरुवातीचा अंदाज चार हजारांचा, नंतरच्या अभ्यासांनी तो बारा हजारांपर्यंत नेला. त्यानंतर १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला.

या दिरंगाईची नोंद ठेवली ती दफनभूमींनी. कोळशातल्या गंधकाचा वायू पावसात मिसळून आम्ल होतो, आम्ल संगमरवराचे जिप्सम करते. पावसात भिजणाऱ्या बाजूवरून ते धुऊन जाते आणि आडोशाच्या बाजूवर काजळी धरून काळी खपली बनते. एडिंबराच्या दफनभूमींतल्या दगडांची ही झीज भूगर्भशास्त्रज्ञ आर्चिबाल्ड गाइकी यांनी १८८० मध्येच अभ्यासली होती. आजही ती मोजायची सोपी रीत आहे. व्हिक्टोरियन काळात संगमरवरात अक्षरे कोरून त्यांत छिद्रे पाडत, शिसे ठोकून बसवत आणि ते दगडाच्या पातळीला घासून सपाट करत. शिसे जवळजवळ झिजत नाही, दगड झिजतो, म्हणून अक्षरे वर उठून दिसतात. एकाच दगडावरच्या दहाएक अक्षरांपाशी खोली मोजायच्या दट्ट्याने उंची घ्यायची, सरासरीला दगड बसवल्यापासूनच्या वर्षांनी भागायचे. त्या ठिकाणचा झिजेचा वार्षिक दर मिळतो. फसगतीच्या जागाही ठरलेल्या आहेत. मृत्यूचे साल आणि दगड बसवल्याचे साल एक असेलच असे नाही. घासून साफ केलेला दगड निरुपयोगी. झाडाखालचा दगड वेगळ्या गतीने झिजतो. आणि दिशा सारखी नसेल तर दोन दगडांची तुलना करू नये. शहराच्या मध्यापासून बाहेर जात हे मोजले, की धुराचा नकाशा तयार होतो, तोही हवा तपासणारी यंत्रे नव्हती त्या काळाचा.

हाडेही हेच सांगतात. धुराने झाकोळलेल्या शहरात, दिवसभर आत कोंडलेल्या मुलांना ऊन मिळत नसे आणि मुडदुसाने मांड्या-पिंढऱ्यांची हाडे धनुष्यासारखी वाकत. हा संबंध स्नियादेत्स्की या पोलिश वैद्याने १८२२ मध्येच ओळखला होता. लंडनच्या साउथवर्क भागातली क्रॉस बोन्स ही निराधारांची दफनभूमी १८५३ मध्ये बंद झाली. तिथे अंदाजे १५ हजार माणसे पुरली आहेत. १९९०च्या दशकात भुयारी रेल्वेच्या कामाआधी त्यांतले १४८ सांगाडे तपासता आले. मोठा वाटा तान्ह्या मुलांचा आणि बालकांचा होता. या मुलांविषयी चर्चच्या दप्तरात फार तर एक ओळ सापडेल. त्यांचे कुपोषण, त्यांच्या दातांवरचे आजारपणाचे चर, हे फक्त जमिनीत आहे.

म्हणून बंद दफनभूमीकडे रिकामा भूखंड म्हणून बघणे मला मंजूर नाही. लंडनने एका बाबतीत वेळेवर शहाणपण दाखवले: १८८४च्या कायद्याने बंद दफनभूमींवर इमारती बांधायला बंदी केली, अपवाद फक्त प्रार्थनास्थळाच्या विस्ताराचा. बनहिल फील्ड्स ही तिथली जुनी दफनभूमी त्याआधीच, १८६९ मध्ये, सार्वजनिक बाग म्हणून खुली झाली होती. त्या दाटीवाटीच्या शहराच्या पोटातली कित्येक मोकळी मैदाने आज उरली आहेत ती मृतांच्या नावावर. उलट उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचे. तिथे १९०१ पासून शहरात दफन बंद झाले, मग जमिनीचे भाव चढताच जुन्या दफनभूमीही उठवल्या गेल्या आणि जवळपास दीड लाख देह शेजारच्या कोल्माला नेले. ज्यांच्या मागे खर्च करणारे कुणी नव्हते त्यांचे दगड समुद्राच्या बांधात आणि बागेच्या पन्हाळ्यांत बसवले गेले. कारण आरोग्याचे सांगितले होते.

याचा अर्थ दफनभूमी प्रदूषण करतच नाही असा नव्हे. सत्तर किलोच्या देहात साधारण १.८ किलो नायट्रोजन आणि अर्धा किलो फॉस्फरस असतो. तो जमिनीत उतरणारच. अमेरिकेत यादवी युद्धापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत देह टिकवायला आर्सेनिक वापरले जाई, आणि आर्सेनिक कुजत नाही. त्यानंतर फॉर्माल्डिहाइड आले. दहनगृहाच्या धुराड्यातून दातांच्या भरावातला पारा जातो. यावर उपाय आहेत, आणि ते अंतराचे व मातीचे आहेत, हद्दपारीचे नाहीत. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याचे नियम घ्या: पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किंवा झऱ्यापासून किमान २५० मीटर, इतर झऱ्या-ओढ्यांपासून ३०, शेतातल्या निचऱ्याच्या चरांपासून १० मीटर, खड्डा खणला तेव्हा तळाशी पाणी दिसता कामा नये, आणि तळाखाली किमान एक मीटर माती हवी. साथीत मेलेल्यांबाबतही भय वाजवीपेक्षा जास्त असते. आपत्तीतल्या मृतदेहांमुळे साथी पसरत नाहीत, हे जागतिक आरोग्य संघटना पुन्हा पुन्हा सांगत आली आहे. पटकी किंवा इबोलात देह हाताळणाऱ्याला धोका असतो, तो हातमोजे, झिरपू न देणारी पिशवी आणि क्लोरीन यांनी आवरतो.

जागेच्या प्रश्नावरही घृणेपेक्षा गणित बरे. जर्मनीत थडगे ठरावीक वर्षांसाठी, बहुतेक ठिकाणी वीस-पंचवीस, दिले जाते आणि मग नूतनीकरण किंवा फेरवापर होतो. लंडनमध्ये २००७ पासून ७५ वर्षांहून जुन्या थडग्यांत, वारसांना नोटीस देऊन, आधीचा देह आणखी खोल ठेवून वर नवे दफन करायची मुभा आहे. भावनेला हे जड जाते, मान्य. पण गरिबांच्या सामायिक खड्ड्यांत हेच विनानोटीस चालत असे, हे विसरून चालणार नाही. आता तोच नियम सर्वांना, उघडपणे लागू होतो एवढेच.

एखाद्या जुन्या दफनभूमीमुळे पाणी नासते असा आरोप असेल तर तो तपासता येतो. भूजलाच्या वाहण्याची दिशा आधी काढायची. मग दफनभूमीच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला किमान दोन निरीक्षण-विहिरी. वर्षभर, पावसाळा आणि कोरडे महिने दोन्ही धरून, दर तिमाहीला क्लोराइड, अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट आणि ई. कोलाय हे मैल्यातले जिवाणू मोजायचे. वरच्या आणि खालच्या विहिरींत फरक नसेल तर प्रश्न तिथेच मिटला. फरक असेल तरी दोष थडग्यांचाच असे लगेच म्हणता येत नाही, कारण हेच पदार्थ फुटक्या मलवाहिनीतूनही येतात. त्यासाठी ॲसेसल्फेमसारखे कृत्रिम गोडवे तपासायचे. ते शरीरातून न बदलता बाहेर पडतात, सांडपाण्यात हमखास असतात आणि मातीत सहजी नष्ट होत नाहीत. शंभर वर्षांपूर्वी पुरलेल्या माणसाकडून ते येणे शक्य नाही. ते खालच्या विहिरीत सापडले, की खोदकाम रस्त्याखालच्या नळापाशी सुरू करायचे, आणि त्याचे बिल दफनभूमीच्या नव्हे, जलनिःसारण खात्याच्या नावे फाडायचे.